काळा अधिक, लाल उणे

मला पत्ते येत नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे अर्ध्या टेमघरला वाटायला लागलं की मी शाळेत पोरांना जुगार शिकवते.

आमच्या घरात पत्त्यांचा जोड कधी शिरलाच नाही. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, बसडेपोत मेकॅनिक होते. ड्युटीवरून आले की हातपाय धुवायचे, विहारात जाऊन यायचे, आणि जेवायला बसले की एकच पालुपद, "दारू आणि पत्ता. आपल्या वस्तीची वाट ह्या दोघांनी लावली." आम्ही भावंडं मान डोलवायचो आणि वरणात भाकरी बुडवायचो. सहलीच्या बसमध्ये सगळ्या मुली बदाम सात खेळायच्या, तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत बसायची. इस्पिक कुठलं आणि किलवर कुठलं, हे मला चाळिशी आली तरी कळत नव्हतं. कळायची गरजही पडली नव्हती.

मग शिकवलं कुणी? तिनं.

ती आमच्याच शाळेत मराठी शिकवायची. मी गणिताची. ती सगळ्यांच्या आधी लागलेली, त्यामुळे सगळ्यांत सिनिअर. मी नवी असताना पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये डबा उघडला, तेव्हा शेजारच्या दोघींना अचानक त्यांचे उपास आठवले. मला काय ते कळलं. असले उपास मी लहानपणापासून बघत आलेय. तेवढ्यात ही समोरून उठली, माझ्या शेजारी येऊन बसली आणि न विचारता माझ्या डब्यात हात घालून म्हणाली, "मेथी कुणी केली? झकास झालीय." तिच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी माझ्याकडे सरकवली. त्या दिवसापासून आम्ही दोघींनी डबा वेगळा खाल्ला नाही. शाळेची सहल अकलोलीला गेली की पोरांना जेवायला बसवून आम्ही दोघी गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचो आणि जगाची निंदा करायचो. माझ्या सिझेरिअनच्या वेळी दवाखान्यात माझी नणंद नव्हती, ही होती. तर अशी ती. म्हणूनच राग जात नाही. परक्यानं दगड मारला तर माणूस पोलीस चौकीत जातो, आपल्यानं मारला तर कुठं जाणार?

तिचं सासर काल्हेरच्या बाजूला. शेतं गेली, तिथं गोडाऊनं उभी राहिली, पण घर अजून ऐसपैस आहे आणि गणपती मोठ्या हौसेनं बसतो. दुपारची जेवणं झाली की हॉलमध्ये सतरंजी पडते आणि पत्ते निघतात. बायका, पुरुष, सुना, जावई, सगळे बसतात. पैसे लावायचे नाहीत, हा तिच्या सासूबाईंचा दंडक. दुसरा दंडक असा की गणपतीत दर वर्षी नवे जोड फोडायचे. विसर्जन झालं की वापरलेले जोड बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जातात. ते पुढच्या गणपतीला खेळायचे नाहीत, आणि टाकायचेही नाहीत. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हातारी म्हणाली, "देवासमोर खेळलेलं पत्तं कचऱ्यात कोण टाकंल गो?" झालं. विषय संपला.

पहिल्यांदा मला तिथं बसवलं तेव्हा मी म्हटलं, "मला पत्ते येत नाहीत."

"येत न्हाईत त शिक," सासूबाई म्हणाल्या. त्यांना घरात सगळे आई म्हणतात, मीही आईच म्हणते.

आणि मैत्रीण म्हणाली, "माझी भिडू हो. मी सांभाळून घेते."

खेळ मेंढीकोटचा. दोघं विरुद्ध दोघं, भिडूनं भिडूच्या समोर बसायचं. चार दश्श्यांना, म्हणजे दहाच्या पानांना, मेंढ्या म्हणतात, त्या ज्यांनी जास्त जिंकल्या त्यांचा डाव. आपल्या दश्शीवर भिडूचा एक्का पडला की मेंढी घरात आली, आणि समोरच्याचा राजा पडला की गेली. मला हळूहळू चटक लागली, खोटं कशाला बोलू? आमची एक खूणही होती. माझ्याकडे बदामाचा एक्का असला की मी चष्मा वर सारायची. अख्ख्या घराला ती खूण माहीत होती, म्हणून तिला कुणी चोरी म्हणत नसे. तिचा दीर ओरडायचा, "वहिनी, मास्तरणीचा चष्मा वर गेला बघा, टाका आता!" आणि ती डोळे मिटून दश्शी टाकायची. माझा एक्का पडायचाच. दादांना मात्र मी ह्यातलं काही सांगितलं नव्हतं.

आता शाळेकडे येते.

सहावीला पूर्णांक संख्यांचा धडा आला की मी तो जमेल तितका पुढे ढकलायची. पोरं पाचवीपर्यंत शिकून आलेली असतात की शून्य म्हणजे खलास. "शून्याच्या खाली काय असतं?" असं विचारलं की वर्ग माझ्याकडे अशा नजरेनं बघायचा, की बाईंना बरं नाही, वाटतं. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याची आई काल्हेरच्या नव्या टॉवरमध्ये लादी पुसायची. तो म्हणाला, "बाई, लिफ्टमें रहता है ना. शून्याच्या खाली मायनस वन, त्याच्या खाली मायनस टू. तिथं गाड्या झोपतात." मी त्याला तिथंच शाबासकी दिली. व्हरांड्यात खडूनं लांब रेघ ओढली, मध्ये शून्य, एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण. पोरं त्यावर लिफ्ट बनून वर-खाली चालली. बेरीज जमली, वजाबाकीही जमली. पण उणे संख्या वजा करायची वेळ आली की गाडी अडली. दोनमधून उणे तीन वजा करा. लिफ्ट जागच्या जागी उभी!

"वजा वजा अधिक," मी फळ्यावर लिहायची. "पाठ करा."

"पण का, बाई?"

"नियम आहे."

मला माझीच लाज वाटायची. नियम आहे, हे उत्तर म्हणजे शिक्षकानं हात वर करणं. माझे शिक्षक मला तेच म्हणाले होते आणि मी तेव्हाही चिडले होते.

त्या वर्षी गणपतीत तिच्या घरी डाव संपला आणि सतरंजीवर पत्ते पसरलेले होते. लाल पंजी आणि काळी पंजी शेजारी शेजारी पडली होती. मी बघतच राहिले. काळा अधिक, लाल उणे. दोन पंज्या समोरासमोर आल्या की शून्य. आणि कुणी तुमच्या हातातली लाल पंजी काढून घेतली तर? तर तुम्ही वर जाणार! मी इतक्या जोरात "अय्या!" म्हटलं की आईंच्या हातातली सुपारी पडली. मैत्रिणीला तिथंच सतरंजीवर मांडून दाखवलं. ती हसून हसून बेजार झाली. "हिला देवासमोरसुद्धा गणित सुचतं," म्हणाली. मग उठली आणि आतून पत्र्याचा डबा घेऊन आली. "घे. सगळे जोड ने. पोरांना खेळव."

आईंनी डब्यावर हात ठेवला. क्षणभर मला वाटलं, नाही म्हणणार. पण त्या म्हणाल्या, "पोरांच्या विद्येला हाय त ने. विद्या म्हंजे देवच." डबा मी मांडीवर घेऊन रिक्षानं टेमघरला आले.

राजा, राणी, गुलाम काढून घरी ठेवले. एक्का म्हणजे एक. चार-चार पोरांचे गट, प्रत्येकाला पाच पत्ते, आपली बेरीज करायची. सारख्या अंकाचे काळा-लाल हातात आले की ते जमिनीवर आपटून ओरडायचं, "फिट्टंफाट!" मग शेजाऱ्याच्या हातातला एक पत्ता न बघता ओढायचा. वर्गात असा गोंधळ की शेजारच्या वर्गातल्या सरांनी दोनदा डोकावून पाहिलं. पोरं आपापसात हिंदीत भांडत होती, "अबे तेरा मायनस हो गया, झूठ मत बोल!" आणि मी मध्ये कमरेवर हात ठेवून उभी होते. इतकी वर्षं ज्या धड्याला घाबरले, तो माझ्यासमोर स्वतःच्या पायानं चालत होता.

तेवढ्यात खिडकीजवळच्या गटातली एक मुलगी ताडकन उभी राहिली. एरवी तोंडातून शब्द न काढणारी. तिच्या हातात काळी चौकी आणि लाल तिरी उरली होती, म्हणजे बेरीज एक. शेजारणीनं नेमकी लाल तिरी ओढली. "बाई! तिनं माझं लाल काढून नेलं आणि मी वर गेले! एकाची चार झाले! तिनं चोरी केली आणि माझाच फायदा झाला!"

मी फळ्यावर लिहिलं, एक वजा उणे तीन बरोबर चार. मग कुणीतरी मागून म्हणालं, "हां. मग बरोबर." हां मग बरोबर! ह्या तीन शब्दांसाठी माणूस मास्तरकी करतो. बाकी पगाराचं काय, तो पतपेढीलाच जातो.

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला ओढत वर्गात आणलं. ती पोरांमध्ये सतरंजीवर बसली, खेळली आणि दणकून हरली. बेरीज उणे नऊ. "अगं बाई, मी तर पार तळघरात गेले!" ती ओरडली, आणि पोरं टाळ्या पिटायला लागली. हे सगळ्या वर्गानं पाहिलंय. मी स्वप्नात बघितलेलं नाही.

मग ती खिडकीजवळची मुलगी कंपासपेटीत पत्ते घालून घरी घेऊन गेली. चोरी वगैरे काही नव्हती, मला विचारून नेले होते. घरी धाकट्या भावाला समोर बसवून तिनं डाव मांडला आणि नेमका तिचा बाप कामावरून आला. काल्हेरला गोडाऊनमध्ये सुपरवायझर. तो दुसऱ्या दिवशी सकाळीच शाळेत हजर. पाठोपाठ आणखी चारपाच पालक. हेडमास्तरांनी दोन दिवसांनी शाळा समितीची बैठक लावली. प्रश्न एकच होता, सहावीचं गणित ह्या बाईंकडे ठेवायचं की काढून घ्यायचं.

त्या माणसावर माझा राग नाही, हे नीट ऐका. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माझ्या मोठ्या भावाची पत्त्यानं काय हालत केली ते मी बघितलंय. पॉवरलूम गेले, घर गेलं, तो गेला. माझ्या घरात पत्ता येत नाही, म्हणजे येत नाही. आणि तो शाळेतून येतो?" मला समोर आमचे दादाच बसल्यासारखे वाटले. मी उठून त्याला सगळा खेळ समजावला. काळे काय, लाल काय, त्याच्या पोरीनं वर्गात काय शोधून काढलं. पोरीचं कौतुक ऐकून त्याचा चेहरा सैल झाला. तो खाली बसला आणि जरा मऊ आवाजात म्हणाला, "असेल, बाई. तुम्ही शिकलेल्या. पण हे तुमच्या एकटीच्या डोक्यातलं, की शाळेला ठाऊक होतं? एवढंच सांगा."

हेडमास्तर मैत्रिणीकडे वळले. सिनिअर ती. "बाई, तुम्हाला माहीत होतं?"

मी निर्धास्त होते. खरं सांगते, मी ओढणीच्या टोकाला पेन पुसत होते, इतकी निर्धास्त. तिनं एवढंच म्हणायचं होतं की हो सर, पत्ते माझ्या घरचे, आणि मी स्वतः वर्गात बसून खेळले. सिनिअर बाई म्हणतेय म्हटल्यावर विषय मिटला असता.

ती टेबलाकडे बघत म्हणाली, "मी यांना आधीच सांगितलं होतं, सर. वर्गात असलं काही नको म्हणून."

यांना. मला 'अगं'शिवाय हाक न मारणारी ती, मी एका वाक्यात 'यांना' झाले.

माझ्या तोंडाला एरवी कुलूप नसतं, हे आमच्या गल्लीतला भाजीवालासुद्धा सांगेल. त्या दिवशी मात्र मी तिच्या तोंडाकडेच बघत बसले. वाटलं, आत्ता ती पुढचं बोलेल. 'पण...' असं म्हणेल. ती रुमालानं मान पुसत राहिली. आणि मी उठून "खोटं बोलतेय ही" असं म्हटलं असतं, तर ज्या बाईनं माझ्या डब्यात हात घातला तिला चारचौघांत तोंडावर पाडलं असतं. ते माझ्यानं झालं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. सहावीचं गणित गेलं. तासांवर येणाऱ्या एका पोरगेल्या सरांना दिलं आणि मला इतिहास मिळाला. डबा मात्र माझ्याच कपाटात राहिला, तो कुणी मागितला नाही.

बातमी विहारात पोचायला कितीसा वेळ लागतो? संध्याकाळी माहेरी गेले, तर दादांनी जेवता जेवता विचारलं, "तुझ्या हातात पत्ते होते?"

"होते, दादा."

"कुणी दिले?"

मी सांगितलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ताट सरकवून उठले. माझ्या जन्मात मी त्यांना अर्ध्या ताटावरून उठताना बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. जणू काही झालंच नाही! भाकरी मोडली आणि म्हणाली, "अगं, एकदम अंगावर आलं ग. घाबरले आणि बोलून गेले. तू समजून घे." मी समजून घेतलं. मूर्ख ना मी! जीभ घसरते माणसाची, असं म्हणून स्वतःलाच गप्प केलं. ती म्हणाली, "सर उन्हाळ्यात रिटायर होतायत. माझी हेडमिस्ट्रेसची ऑर्डर आली की पहिलं काम, तुझं गणित तुला परत." मी मान हलवली आणि तिची चटणी खाल्ली.

वर्षभर मी भिंतीपलीकडून ऐकत राहिले. आमच्या शाळेच्या भिंती म्हणजे नावाला. इकडे मी किल्ले आणि तह सांगतेय आणि तिकडे सहावी एका सुरात घोकतेय, "वजा वजा अधिक, वजा वजा अधिक." का, असं विचारणारा एक आवाज नाही. हातात खडू तसाच धरून मी भिंतीकडे बघत उभी राहायची, आणि पोरं म्हणायची, "बाई, पुढे काय झालं?"

उन्हाळ्यात हेडमास्तर निवृत्त झाले. निरोप समारंभ आटोपला, सामोसे संपले, मी खुर्च्या गोळा करत होते. ते जवळ आले. माणूस वाईट नव्हता, नुसता घाबरट. म्हणाले, "बाई, जाता जाता मनावरचं ओझं उतरवतो. पत्ते कुणाच्या घरचे ते मला माहीत होतं. बैठकीच्या आदल्या दिवशी त्या घरी येऊन सांगून गेल्या. म्हणाल्या, सर, माझी ऑर्डर यायचीय, माझं नाव ह्यात काढू नका, उद्या तुम्ही मला विचारा, मी काय ते उत्तर देते."

हातातली खुर्ची मी खाली ठेवली.

आदल्या दिवशी! म्हणजे घाबरून जीभ घसरलेली नव्हती. उत्तर पाठ करून आणलं होतं. प्रश्नही हिनंच सांगून ठेवला होता. आणि त्याच आदल्या दिवशी दुपारी हिनं माझ्या डब्यातली वांगी खाल्ली होती, मला म्हणाली होती, "उद्याची काळजी करू नकोस, मी आहे ना." तळपायाची आग मस्तकाला गेली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

मी सरळ तिच्याकडे गेले. आता केबिन तिची होती. मी दार लावून घेतलं आणि सगळं तोंडावर मारलं. ती रडली. रडायला तिला नेहमीच पटकन येतं. "झालं गेलं, अगं. इतक्या वर्षांचं आपलं, ते बघ ना. आता फिट्टंफाट कर."

"फिट्टंफाट कधी होते ते तू माझ्या वर्गात बसून शिकलीयस," मी म्हटलं. "लाल पत्ता पडला तिथंच त्याच्या तोडीचा काळा पडावा लागतो. तू लाल सगळ्यांसमोर टाकलास. काळाही सगळ्यांसमोर टाक. एकच वाक्य बोल, पत्ते माझ्या घरचे होते. मग माझं गणित मला देताना तुला कुणाला भ्यायचं कारण उरणार नाही."

"टाकते," ती म्हणाली. "जरा जम बसू दे."

जूनमध्ये टाइमटेबल लागलं. माझ्या नावापुढे इतिहास, पाचवी ते आठवी. मी विचारलं, तर म्हणाली, "पालकांना काय सांगू, तूच सांग." काय सांगायचं ते मी तिला सांगितलेलं होतं.

गणपती आले. मी जाणार नव्हते. पण आईंचा स्वतःचा फोन आला. "ये गो बाय. तू न्हाय त डाव कसा लागंल?" म्हातारीला कसं नाही म्हणणार? तिनं माझं काय वाकडं केलं होतं? गेले. दुपारची वेळ. शाळेचा अर्धा स्टाफ दर्शनाला आलेला, त्यात त्या उपासवाल्या दोघीही, चित्रकलेचे सरही. आता हेडमिस्ट्रेसच्या घरचा गणपती, कोण चुकवतोय? जेवणं झाली, सतरंजी पडली, नवा जोड फुटला. ती सवयीनं माझ्यासमोर येऊन बसली. तिचा दीर आणि चित्रकलेचे सर विरुद्ध बाजूला.

आई खुर्चीवर बसून सुपारी कातरत होत्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मास्तरीन, ते पोरांसाठी नेलेलं पत्तं उपयोगी आलं का गो? औंदा आनखी डबा भरलाय, त्योबी घेऊन जा."

चित्रकलेच्या सरांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. सगळा स्टाफ माझ्याकडे बघत होता आणि मी तिच्याकडे. देवानं दिलेली वेळ होती. म्हातारीनं काळा पत्ता तिच्या हातात आणून ठेवला होता, तिनं फक्त खाली टाकायचा होता. हो आई, आपलेच पत्ते. बस.

ती हसली. तोंडभर हसली आणि सगळ्यांकडे बघून म्हणाली, "आईंना हल्ली काही आठवत नाही. कुणाचं कुठं जोडतात." मग सुनेच्या मायेनं त्यांच्याकडे वळून, "आई, तुम्ही सुपारी खा."

आईंचा अडकित्ता थांबला. ह्या बाईला घरातल्या प्रत्येक पोराची जन्मवेळ तोंडपाठ आहे. त्या सुनेकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे बघितलं. अडकित्ता मिटून पदराखाली ठेवला.

दिरानं पत्ते वाटले. मी माझे उचलले. बदामाचा एक्का होता, आणि बदामाची दुरी.

हॉलमध्ये उकडत होतं. घामानं चष्मा नाकावरून घसरला, तो मी वर सारला.

तिनं बघितलं. डोळे चमकले. खेळायची पाळी तिचीच होती, क्षणाचाही विचार न करता तिनं बदामाची दश्शी टाकली, आणि मेंढी उचलायला हातही पुढे केला. दिरानं त्यावर राजा मारला. ती हसतच होती, कारण पुढचा पत्ता माझा होता.

मी दुरी टाकली.

चित्रकलेच्या सरांनी कसलं तरी पान टाकलं, ते कुणी बघितलं नाही. दिरानं मेंढी ओढून नेली आणि तोच गोंधळून म्हणाला, "हे काय?"

"अगं, एक्का?" ती म्हणाली. "तुझ्याकडे एक्का नाही?"

मी एक्का हातातून काढला आणि सगळ्यांना दिसेल असा सतरंजीवर सरळ ठेवला.

"मी यांना आधीच सांगितलं होतं," मी म्हटलं, "मला पत्ते येत नाहीत म्हणून."